गोष्ट शाळेत येऊ द्या, प्रार्थना देवळात राहू द्या

इंग्लंडमधल्या अनेक प्राथमिक शाळांत आठवड्या-पंधरवड्यातून एकदा सकाळच्या असेम्ब्लीला गावातली पाच-सात वयस्क मंडळी वेष करून येतात. कुणी निवृत्त नर्स, कुणी टपाल वाटण्यात आयुष्य घालवलेले, कुणी चर्चमधली फुलांची आरास बघणाऱ्या बाई. अंगात पडद्याच्या कापडाचे झगे, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, हातात पुठ्ठ्याची तलवार नाहीतर कापसाचं कोकरू. दहा-पंधरा मिनिटांत ही मंडळी बायबलमधली एक गोष्ट करून दाखवतात. मांडी घालून जमिनीवर बसलेल्या मुलांपैकी काहींना पुढे बोलावतात. कुणी मेंढ्या होतात, कुणी समुद्राच्या लाटा, कुणी यरीहो शहराचा तट, जो गोष्टीत शिंगांच्या आवाजानं कोसळतो. उरलेली मुलं शिंगांचे आवाज काढतात. शेवटी क्षणभर शांत बसायला सांगून एक जण छोटी प्रार्थना म्हणतो, आणि ज्याला ती आपली वाटेल त्यानं 'आमेन' म्हणावं, असं सुचवतो. मग सामान पिशव्यांत भरून मंडळी निघून जातात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बेडफर्डमध्ये सुरू झालेला 'ओपन द बुक' नावाचा हा उपक्रम २०१३ पासून बायबल सोसायटी चालवते. करणारे सगळे स्वयंसेवक असतात.

सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत हे व्हावं का, यावर इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, हा लहान मुलांना धर्मात ओढण्याचा प्रकार आहे, बंद करा. दुसरी बाजू म्हणते, हा देश ख्रिस्ती परंपरेतून घडला, मुलांना ती कळायलाच हवी. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांतही दोन तट आहेत. काहींना वाटतं, चांगले संस्कारच होतायत, काय बिघडलं? काहींच्या पोटात गोळा येतो. माझी मुलगी अशाच एका, चर्चशी संबंध नसलेल्या, कौन्सिलच्या म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या शाळेत जाते. मी हिंदू आहे आणि घरात देव्हारा आहे. माझं म्हणणं असं की या मंडळींनी शाळेत यावं, गोष्ट पूर्ण जोमानं करावी आणि प्रार्थना न करता परत जावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती प्रार्थना जिच्यामुळे तिथे येऊन बसली आहे ती कायद्याची सक्ती आता उठवावी.

आधी कायदा काय आहे ते सांगते, कारण इथे दहा-पंधरा वर्षं राहिलेल्या कित्येक पालकांनाही तो ठाऊक नसतो. इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाच्या प्रत्येक शाळेत रोज सामूहिक उपासना झालीच पाहिजे. हा नियम १९४४ च्या शिक्षण कायद्यानं घातला. महायुद्ध चालू होतं, सरकार आणि चर्च यांच्यात शाळांच्या मालकीवरून मोठी तडजोड व्हायची होती, आणि ही सक्ती त्या तडजोडीचा भाग होती. त्या कायद्यात उपासना कुठल्या धर्माची हे लिहिलेलं नव्हतं. ते १९८८ च्या कायद्यात आलं. हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या काही सभासदांच्या आग्रहावरून असं ठरलं की चर्चशी संबंध नसलेल्या शाळेतली ही उपासना 'पूर्णपणे किंवा मुख्यतः, व्यापक अर्थानं ख्रिस्ती' असावी. १९९४ च्या सरकारी परिपत्रकानं तर येशू ख्रिस्ताला विशेष स्थान देणारा काही अंश त्यात हवा असंही म्हटलं. पालकांना मुलाला त्यातून काढून घेण्याचा हक्क आहे. शाळेला स्थानिक धर्मशिक्षण सल्लागार मंडळाकडे अर्ज करून 'ख्रिस्ती' ही अट शिथिल करून घेता येते. पण उपासना मात्र टळत नाही.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. कुठलाच धर्म नाही असं सांगणारे २५.२ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्या समाजातल्या मुलांकडून रोज ही उपासना करून घ्यायची, त्यातले निम्म्याहून जास्त लोक स्वतःला त्या धर्माचे म्हणवतच नाहीत. माध्यमिक शाळा हा नियम सर्रास मोडतात हे इथल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक तो पाळायची धडपड करतात. त्यांच्या अडचणीचा विचार करा. शिक्षकांपैकी बरेच जण स्वतः चर्चला न जाणारे, रोज काहीतरी 'उपासना' म्हणता येईल असं उभं करायचं, हातात वेळ नाही, पैसा नाही. अशा वेळी चर्चमधली प्रेमळ मंडळी फुकट, तयारीनिशी, पोलिसांकडची नोंद तपासून घेऊन दारात उभी राहतात. मुख्याध्यापक त्यांना नाही कशाला म्हणतील?

मला या व्यवस्थेतलं सगळ्यात जास्त काय खटकतं, तर तिनं या स्वयंसेवकांच्या देण्याचं केलेलं रूपांतर. आपल्या शेजारच्या मुलांना आपल्याला प्रिय असलेली गोष्ट सांगायची, यासाठी माणूस सत्तराव्या वर्षी गुडघे दुखत असताना गल्याथ, म्हणजे दाविदानं गोफणीनं पाडलेला धिप्पाड योद्धा, होऊन जमिनीवर कोसळतो. हे मनापासूनचं देणं आहे. कायदा मात्र त्याला उपासना भरून देणारा पुरवठादार करून टाकतो. मुलाला ती गोष्ट ऐकावीच लागते, आणि ऐकल्यावर डोळे मिटून बसावं लागतं, कारण तशी सरकारची आज्ञा आहे. देणाऱ्याच्या मनात असं काही नसतं. पण घेणाऱ्यापर्यंत ते तसंच पोहोचतं.

'ज्याला नको त्यानं मुलाला काढून घ्यावं' हे उत्तर नेहमी दिलं जातं. ज्यांनी ते वापरून पाहिलंय त्यांना विचारा. सगळी शाळा हॉलमध्ये हसतेय, शिंगं फुंकतेय, आणि एक सहा वर्षांचं मूल वाचनालयात कोपऱ्यात रंगकाम करत बसलंय. मधल्या सुट्टीत सगळे तटाच्या गोष्टी बोलतात, आणि याला काही ठाऊक नसतं. त्याला कळतं ते एवढंच, की आपल्यात काहीतरी वेगळं आहे आणि त्यामुळे आपल्याला बाहेर बसवतात. परदेशात मूल वाढवणाऱ्या आईबापांना हे सांगायला नको. डबा, नाव, रंग यांवरून आधीच पुष्कळ वेगळेपण वाट्याला आलेलं असतं. त्यात आपण होऊन भर घालायची ताकद फार थोड्या पालकांत असते, आणि म्हणून बहुतेक जण हा हक्क वापरत नाहीत. न वापरलेल्या हक्काकडे बोट दाखवून सगळ्यांची संमती आहे असं म्हणणं बरोबर नाही.

२०१९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका जोडप्यानं नेमका हाच प्रश्न कोर्टात नेला. त्यांच्या मुलांची शाळा कायद्यानं चर्चची शाळा नव्हती, तरी असेम्ब्लीत प्रार्थना होत आणि बायबलमधल्या प्रसंगांचे प्रयोग होत, त्यात येशूला क्रुसावर चढवण्याचाही. त्यांनी मुलांना काढून घेतलं, तेव्हा त्या वेळात मुलांना त्याच तोडीचं दुसरं काही शिकवायला शाळा तयार नव्हती. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि शाळेनं तशी पर्यायी सोय करायचं मान्य केलं. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या एका शाळकरी मुलीचं आणि तिच्या वडिलांचं प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की तिथलं धर्मशिक्षण आणि सामूहिक उपासना वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक मतांना जागा देणारी नव्हती, आणि मुलाला काढून घेण्याचा हक्क दिल्यानं तो दोष भरून निघत नाही. इंग्लंडचा कायदा वेगळा आहे, तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण काढून घेण्याचा हक्क म्हणजे पुरेसं उत्तर, हा युक्तिवाद आता पूर्वीइतक्या निर्धास्तपणे कुणाला करता येणार नाही.

मराठी पालकाच्या पोटात गोळा येतो असं मी वर म्हटलं. त्याला इतिहास आहे. १८३२ मध्ये डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं मुंबईत शाळा काढली. १८३९ मध्ये तिथले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले तेव्हा शहर ढवळून निघालं, पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मिशनऱ्यांकडे राहिलेल्या लहान मुलाला कोर्टानं वडिलांच्या ताब्यात दिलं, आणि त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. शाळा, गोष्ट आणि धर्मांतर या तीन गोष्टी आपल्या आठवणीत अशा एकात एक गुंतलेल्या आहेत. इंग्लंडमधल्या टॉवेल गुंडाळलेल्या आजोबांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांचा तसा हेतूही नसतो. पण भीती निराधार नाही, आणि 'तुम्ही उगीच संशय घेता' असं म्हणून ती जात नाही.

त्याच इतिहासाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. बायबलच्या गोष्टी मराठीत सगळ्यात देखण्या रूपात पहिल्यांदा सांगितल्या त्या एका इंग्रजानं. फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरचा. १५७९ मध्ये तो गोव्याला आला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत वाचल्या. पण तो इंग्लंड सोडून का आला? तो कॅथलिक होता, आणि राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये सरकारनं ठरवलेल्या पद्धतीनंच उपासना करावी लागे. १५५९ च्या कायद्यानं रविवारी चर्चला न जाणाऱ्याला बारा पेन्स दंड होता, आणि पुढे शिक्षा वाढतच गेल्या. त्याचा जिवलग मित्र धर्मापायी वर्षानुवर्षं तुरुंगात होता. म्हणजे उपासनेची सक्ती झाली म्हणून देश सोडलेला माणूस गोव्यातल्या साष्टीत येऊन ओव्या रचत होता. आणि ज्या साष्टीत तो त्या रचत होता, तिथली देवळं पोर्तुगीजांनी काही दशकांपूर्वीच पाडली होती. ओव्या अप्रतिम आहेत. पण त्या ऐकवणाऱ्यांच्या मागे राज्यसत्ता उभी होती. गोष्ट कितीही प्रेमानं सांगितली तरी ऐकणाऱ्याला उठून जायची मोकळीक नसेल तर तिचा अर्थ बदलतो, हे मला क्रिस्तपुराणाइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसत नाही.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून मांडली. अभंग, साकी, दिंडी, मध्ये आख्यान, सगळं आपल्याच पठडीतलं. कीर्तनाचं वैशिष्ट्य काय, तर ऐकायला येणारा आपल्या पायांनी येतो आणि कंटाळला तर उठून जातो. बुवा त्याला धरून ठेवत नाहीत, रंगवून ठेवतात. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. सत्तेचा आधार सोडल्यावर त्यांचं सांगणं उणावलं नाही. मला तर वाटतं ते जास्त खरं झालं.

आता गोष्ट शाळेत राहावीच असं मला का वाटतं, त्याकडे येते. मुलांना इंग्रजी साहित्य आणि चित्रकला समजण्यासाठी बायबल ठाऊक हवं, हे सगळेच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. माझं कारण वेगळं आहे. शेजारपाजारच्या साध्या माणसांनी आपल्याच गावातल्या लोकांसमोर पवित्र कथा उभी करायची, ही या देशातली फार जुनी रीत आहे. मध्ययुगात यॉर्कमध्ये दर वर्षी कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला सृष्टीच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंतचे प्रसंग गाड्यांवर उभे राहून केले जात. प्रत्येक प्रसंग एकेका धंद्याच्या लोकांकडे. नोहाचं तारू बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांचा, शेवटच्या भोजनाचा रोटीवाल्यांचा, आणि क्रुसावर खिळण्याचा खिळे करणाऱ्यांचा. चेस्टरमध्ये डी नदीचं पाणी घरोघर पोचवणारे जलप्रलय करत. ज्याचं जे रोजचं काम तेच त्याच्या हातून कथेत यायचं. आपल्याकडच्या दशावताराची किंवा गावच्या रामलीलेची आठवण यावी असाच तो प्रकार. आणि तो बंद कुणी पाडला? त्याच एलिझाबेथच्या काळातल्या धर्माधिकाऱ्यांनी. यॉर्कचा शेवटचा प्रयोग १५६९ चा, चेस्टरचा १५७५ चा. सरकारला उपासना आपल्या साच्यात हवी होती, आणि लोकांच्या हातातली गोष्ट त्या साच्यात बसेना. यॉर्कमध्ये हे प्रयोग पुन्हा उभे राहिले ते थेट १९५१ मध्ये.

शाळेत येणारी ही म्हातारी मंडळी त्या खिळेवाल्यांची आणि रोटीवाल्यांची वारस आहेत असं मला वाटतं. सुपरमार्केटात दुधाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांकडे बोट दाखवून माझी मुलगी ओरडते, "आई, तो बघ गल्याथ!" आजोबाही तिला दंड फुगवून दाखवतात. तिची सख्खी आजी साताऱ्याला आहे, फोनच्या पडद्यावर दिसते. या गावात तिला नावानं हाक मारणारं पंचाहत्तरीचं माणूस मिळालं ते या गोष्टींमुळे. आईबाप नोकरीत, आजी-आजोबा दुसऱ्या खंडात, अशी किती तरी मुलं या शाळांत आहेत. त्यांना म्हाताऱ्या माणसांना धडपडताना, हसताना, ओळ विसरून पुन्हा सुरू करताना बघायला मिळतं. हे घालवून बसण्यात कुणाचंच भलं नाही. उपक्रम बंद करा म्हणणाऱ्यांनी हा तोटा कधी हिशेबात धरलेला मी पाहिला नाही.

पण गोष्ट करायची तर ती खरीखुरी करावी, आणि इथे माझी या मंडळींकडेही तक्रार आहे. मुलांसाठी म्हणून गोष्टीतलं दुखणारं सगळं काढून टाकलं जातं. यरीहोचा तट पडतो, मुलं टाळ्या वाजवतात, गोष्ट संपते. यहोशवाच्या पुस्तकात ती तिथे संपत नाही. हेरांना लपवणारी राहाब आणि तिचं घर सोडून शहरातल्या सगळ्यांना मारलं जातं, म्हातारी माणसं आणि मुलंसुद्धा. सहा वर्षांच्या मुलाला हे सांगू नये, मान्य. मग ही गोष्टच सहाव्या वर्षी कशाला निवडायची? ती दहाव्या-अकराव्या वर्षी, वर्गात, शिक्षकांबरोबर वाचावी, म्हणजे 'आतल्या लोकांचं काय झालं?' असं विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळेल. तो प्रश्न कुठलं तरी मूल विचारतंच. असेम्ब्लीत त्याला उत्तर द्यायला वेळ नसतो, आणि प्रार्थना लगेच सुरू होत असेल तर प्रश्न विचारणंच उद्धटपणाचं वाटतं. मला प्रार्थना नको असण्याचं हेही एक कारण आहे. प्रार्थना आली की गोष्टीवरचं बोलणं मिटतं.

चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचं तर फार नुकसान होतं. शाळेत तिचं तात्पर्य उरतं, 'पडलेल्याला मदत करा.' एवढंच सांगायचं असतं तर येशूला शोमरोनी कशाला हवा होता? लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री त्याला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरात येशू अशा माणसाला नायक करतो, ज्याच्या जातीच्या लोकांना ऐकणारे तुच्छ लेखत होते. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला सोडून धर्माचे मानकरी, एक याजक आणि एक लेवी, बाजूनं निघून जातात आणि ज्याला आपण दूर ठेवतो तोच थांबतो. हा त्या गोष्टीचा डंख आहे. एकनाथांनी तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं मूल कडेवर उचललं, ही गोष्ट कीर्तनकार सांगतो तेव्हा जातीचा उल्लेख गाळून बघा, काय उरतं? म्हणून शोमरोनी कोण होते, यहूदी त्यांच्यापासून का दूर राहत, हे आधी दोन मिनिटं शिक्षकांनी सांगावं. मग मंडळींनी प्रयोग करावा. आणि मग आजच्या आपल्या गावात शोमरोनी कोण, हे मुलांनी बोलावं. अशी गोष्ट माझ्या मुलीनं ऐकावी, वर्षातून अनेकदा ऐकावी, असं मला मनापासून वाटतं.

आता कसोटी. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत दिवाळीच्या सुमारास भारतीय पालकांना बोलावणं येतं. आम्ही आया जातो, पणत्या रंगवून घेतो, राम-सीतेची गोष्ट सांगतो, कुणी कागदी बाहुल्यांचा रावण नाचवतं. (आम्हीही अयोध्येच्या दिव्यांपाशी थांबतो, सीतेच्या अग्निपरीक्षेपर्यंत जात नाही. तेव्हा वर केलेली तक्रार आम्हालाही लागू आहे.) समजा, गोष्ट संपल्यावर मी त्या सगळ्या मुलांना म्हटलं, आता हात जोडा, डोळे मिटा, मी रामाची प्रार्थना म्हणते, ज्याला वाटेल त्यानं 'जय श्रीराम' म्हणावं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर तक्रारींचा ढीग पडेल, आणि तो पडायलाच हवा. मग हाच नियम गल्याथ होणाऱ्या आजोबांना का नको? भारताच्या संविधानातल्या २८ व्या कलमानं हे केव्हाच सांगून ठेवलंय. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही उपासनेत बसवायचं नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकाची. इंग्लंडमध्ये गृहीत सहभाग आहे आणि बाहेर पडण्यासाठी पालकानं अर्ज करायचा. भारतीय संविधानात गृहीत मोकळीक आहे आणि आत येण्यासाठी संमती लागते. आपल्याकडे शाळांतून त्या कलमाची पायमल्ली होते, हे मला ठाऊक आहे, आणि तिथे बहुसंख्याकांची प्रार्थना सगळ्यांवर लादली जाते तेव्हा माझं मत हेच असतं. जागा बदलली, आपण बहुसंख्याकांचे अल्पसंख्याक झालो, म्हणून मत बदलणाऱ्यांपैकी मी नाही.

चर्चमधले काही जण मला सांगतात, प्रार्थना काढली तर उरतं ते नाटक, आम्ही नाटकवाले नाही. त्यांचं दुःख मला समजतं. ज्या गोष्टीनं आपलं आयुष्य तोललं, ती नुसती 'ख्रिस्ती लोक असं मानतात' म्हणून सांगायची, हे श्रद्धावंताला कोरडं वाटणारच. मी त्यांना त्यांच्याच पुस्तकाकडे परत पाठवते. येशूनं दाखले सांगितले ते उघड्यावर, जमावाला, आणि सांगून झाल्यावर म्हटलं, ज्याला ऐकायला कान आहेत तो ऐको. कुणाला गुडघे टेकायला लावलं नाही. श्रीमंत तरुण सगळं ऐकून खिन्न होऊन निघून गेला, तर येशूनं त्याला अडवलं नाही. आणि प्रार्थनेबद्दल तर त्याचं सांगणं अगदी स्पष्ट आहे: खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर. भर हॉलमध्ये, सरकारी वेळापत्रकात बसवलेली प्रार्थना त्याला रुचली असती असं मला त्या पानांवरून तरी वाटत नाही. ज्या मुलाला गोष्ट आवडून पुढे जावंसं वाटेल, त्याच्यासाठी रस्त्यापलीकडच्या चर्चचं दार शाळा सुटल्यावर उघडं ठेवावं. तो आईचा हात धरून आला तर ती त्यांची कमाई असेल, कायद्याची नव्हे.

चर्चच्या स्वतःच्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे आणि मोठा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत, आणि कित्येक खेड्यांत तीच एकमेव शाळा असते, त्यामुळे निवड केली असं पालकाला म्हणताच येत नाही. पण आधी कौन्सिलच्या शाळांपुरता तरी हा कायदा रद्द व्हावा. रोज सकाळी सगळी शाळा एकत्र जमावी, कुणाची तरी गोष्ट ऐकावी, कुणाचं तरी गाणं म्हणावं, गावात कुणी गेलं असेल तर त्याच्यासाठी मिनिटभर उभं राहावं. याला उपासना म्हणायची गरज नाही, आणि न म्हटल्यानं त्यातलं काही कमी होत नाही.

संसद हे केव्हा करील, माहीत नाही. पण आहे त्या कायद्यातही बरीच मोकळीक आहे, आणि पालकांनी ती मागायला हवी. ख्रिस्ती स्वरूपाची अट पूर्ण सत्रातल्या बहुसंख्य असेम्ब्ल्यांना मिळून लागू होते, प्रत्येकीला नाही. तेव्हा त्या दिवसाची उपासना दुसऱ्या वेळी ठेवून या मंडळींच्या वेळात फक्त गोष्ट आणि तिच्यावर बोलणं ठेवायला मुख्याध्यापकांना आजही कुणी अडवत नाही. कुठली गोष्ट होणार हे आठवडाभर आधी पालकांना कळवायला पैसा लागत नाही. आमच्या शाळेच्या गव्हर्नरांना, म्हणजे नियामक मंडळाला, मी हेच लिहिलं आहे: मंडळींना बोलवा, शक्य तर जास्त वेळा बोलवा, गोष्टीनंतर प्रार्थनेऐवजी मुलांच्या प्रश्नांसाठी पाच मिनिटं ठेवा, आणि 'ख्रिस्ती' ही अट शिथिल करण्यासाठी सल्लागार मंडळाकडे अर्ज करा. स्लाव, मिल्टन कीन्स, रेडिंग, हॅरो, जिथे जिथे आपली मुलं या शाळांत आहेत तिथल्या पालकांनी आपापल्या गव्हर्नरांना असंच लिहावं. साधारण सत्रातून एकदा तरी त्यांची सभा होते, आणि पत्र पाठवलं की उत्तर मागता येतं.